सही दोघांची, कराचा बोजा कोणावर?

संसारात नवरा-बायकोच्या सह्या बऱ्याच ठिकाणी एकत्र होतात. घराच्या करारावर, बँकेच्या खात्यावर, मुलांच्या शाळेच्या अर्जावर. यातील बहुतेक सह्यांनी काही बिघडत नाही. पण अमेरिकेत एक सही अशी आहे की ती झाल्यावर नवऱ्याच्या धंद्याचा सगळा थकलेला कर बायकोच्या पगारातून वसूल होऊ शकतो. उलटही होते. बायकोने लपवलेल्या उत्पन्नासाठी नवऱ्याच्या दुकानावर टाच येऊ शकते. ही सही म्हणजे पती-पत्नीच्या संयुक्त आयकर विवरणपत्रावरची सही.

या सहीच्या जाचातून निरपराध जोडीदाराला सोडवण्यासाठी अमेरिकेच्या कायद्यात एक सवलत आहे. आमच्या आजच्या लेखाचा विषय मात्र त्याच्या पुढचा आहे. एकाला सवलत मिळाली तर दुसऱ्याने काय करायचे? "हिला सगळे ठाऊक होते, हिला मोकळे सोडू नका," असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे काय? असल्यास कुठे आणि किती दिवसांत?

वाचक विचारतील, अमेरिकेच्या कायद्याशी आमच्या बागवान, मोमीन, अत्तार भाईंचा काय संबंध? संबंध आहे. आज कोकणातल्या आणि मुंबईतल्या कितीतरी घरांतील मुलगी, जावई किंवा पुतण्या तिकडे नोकरी-धंद्यात आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तिकडच्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत राहणाऱ्या नवऱ्याची बायको भारतात असली तरी दोघांनी ठरवल्यास तिला करापुरते तिथली रहिवासी मानून संयुक्त विवरणपत्र भरता येते. म्हणजे रत्नागिरीत किंवा भिवंडीत बसलेली आपली मुलगी टपालाने आलेल्या कागदावर सही करते आणि तिकडच्या कराची देणेकरी होते. असा कागद पुढे आला तर त्याचा अर्थ घरात कोणाला तरी कळलाच पाहिजे.

संयुक्त जबाबदारी म्हणजे काय

अमेरिकेत पती-पत्नीला दोन वाटा आहेत. प्रत्येकाने आपले वेगळे विवरणपत्र भरावे किंवा दोघांनी मिळून एकच भरावे. एकत्र भरल्याने बहुतेक कुटुंबांचा कर कमी होतो, म्हणून बहुसंख्य जोडपी तीच वाट धरतात. १९३८ च्या कायद्याने हे स्पष्ट केले की संयुक्त विवरणपत्राचा कर दोघांकडून एकत्रितपणे किंवा कोणाही एकाकडून पूर्णपणे वसूल करता येईल.

व्यापारी मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भागीदारी पेढीत हेच असते. एका भागीदाराने पेढीच्या नावावर उधारी केली की सावकार दुसऱ्या भागीदाराच्याही दारात उभा राहतो. जामीन राहिलेल्या माणसाला "मी तर पैसे घेतलेच नाहीत" असे म्हणता येत नाही. फरक एवढाच की भागीदारीत माणूस समजून-उमजून उतरतो, तर विवरणपत्रावर बायको बहुधा "इथे सही कर" म्हटल्यावर सही करते. उद्या तलाक झाला, न्यायालयाच्या हुकूमनाम्यात "कर नवऱ्याने भरावा" असे लिहून घेतले, तरी सरकारी खात्यावर ते बंधन नाही. तो नवरा-बायकोमधला आपसातला करार. खाते ज्याच्याकडे पैसे सापडतील त्याच्याकडून घेते.

एक उदाहरण घेऊ. समजा, शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर एका गृहस्थाचे किराणा दुकान आहे. बायको रुग्णालयात नोकरीला आहे. दोघांनी संयुक्त विवरणपत्र भरले. पुढे तपासणी झाली आणि ५०,००० डॉलरची रोख विक्री वहीत आलीच नव्हती असे निघाले. त्यावर १२,००० डॉलर कर, शिवाय दंड आणि व्याज. मधल्या काळात दोघे विभक्त झाले. नवऱ्याचे दुकान बंद पडले, बायकोचा पगार मात्र दरमहा बँकेत जमा होतो. खाते कोणाकडे जाईल? अर्थातच पगाराकडे. कर दोनदा घेता येत नाही, पण सगळाच्या सगळा एकाकडून घेता येतो.

सवलतीचा इतिहास

या कडक नियमाने काय अनर्थ होतो ते १९६० च्या दशकात न्यायालयांपुढे आले. एका खटल्यात नवऱ्याने पत्नी आणि तिच्या बहिणींच्या मालकीच्या पेढीतून पैसे लांबवले होते. चोरीचा पैसाही उत्पन्नच. त्यावरचा कर संयुक्त विवरणपत्रामुळे त्याच पत्नीवर आला. म्हणजे जिचे लुटले गेले तिनेच लुटीवर कर भरायचा! असल्या प्रकरणांनंतर १९७१ मध्ये 'निर्दोष जोडीदार' हे कलम कायद्यात आले. अटी फार होत्या, सुटका थोड्यांचीच होई. १९८४ मध्ये त्यात बदल झाले, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर २२ जुलै १९९८ रोजी मोठी सुधारणा झाली आणि सध्याचे ६०१५ क्रमांकाचे कलम अस्तित्वात आले.

या कलमात सुटकेचे तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा : कर कमी दाखवला गेला तो दुसऱ्याच्या उत्पन्नामुळे किंवा खर्चामुळे, सही करताना अर्जदाराला त्याची माहिती नव्हती, माहिती असण्याचे कारणही नव्हते, आणि एकूण परिस्थिती पाहता तिला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल, असे असेल तर पूर्ण सुटका.

दुसरा दरवाजा : दोघांचा घटस्फोट झाला असेल, कायदेशीर विभक्तता असेल, जोडीदार वारला असेल किंवा अर्जापूर्वी बारा महिने दोघे एका घरात राहत नसतील, तर कराची वाटणी करून मिळते. ज्याचे उत्पन्न त्याचा कर. मात्र सही करताना ती विशिष्ट रक्कम अर्जदाराला प्रत्यक्ष ठाऊक होती असे सिद्ध झाले तर त्या रकमेपुरती वाटणी नाही.

तिसरा दरवाजा : वरील दोन्ही बंद असतील तर न्यायबुद्धीने सवलत. विवरणपत्रात कर बरोबर दाखवला पण भरलाच नाही, अशा वेळी हाच एक मार्ग उरतो. येथे खाते बऱ्याच गोष्टी पाहते : संसार चालू आहे की मोडला, कर भरल्यास अर्जदाराची उपासमार होईल काय, माहिती किती होती, त्या पैशाचा लाभ कोणाला झाला, प्रकृती कशी आहे, नंतरच्या वर्षांचे कर वेळेवर भरले काय. मारहाण, धाक किंवा पैशाच्या व्यवहारात पूर्ण कोंडमारा असेल तर २०१३ च्या नियमांप्रमाणे त्याला विशेष वजन आहे. धाकाने सही करणाऱ्या बाईला हिशेबाची माहिती असली तरी ती प्रश्न विचारू शकत नव्हती, हे आता मान्य केले जाते.

अर्ज ८८५७ क्रमांकाच्या नमुन्यावर करायचा. पहिल्या दोन दरवाजांसाठी खात्याने अर्जदाराविरुद्ध वसुली सुरू केल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिसऱ्यासाठीही हीच मुदत लावली जात असे, ती खात्याने २०११ मध्ये काढून टाकली. पण म्हणून स्वस्थ बसावे असे नाही.

आता दुसऱ्या बाजूचे काय?

इथून आमच्या मुख्य मुद्द्याला येतो. वरच्या उदाहरणातील बायकोने अर्ज केला. म्हणाली, दुकानाचा हिशेब नवरा बघत असे, मला रोख विक्रीचे काही ठाऊक नाही. खात्याला तिचे म्हणणे पटले आणि तिला मोकळे केले. आता १२,००० डॉलर, दंड आणि व्याज एकट्या नवऱ्याच्या डोक्यावर राहिले.

नवऱ्याचे म्हणणे वेगळे असू शकते. तो म्हणेल, दर शनिवारी गल्ल्यावर हीच बसत होती, नोटा हीच मोजत होती, बँकेची स्लिप हिच्या हातची आहे, त्या पैशातून हिच्याच नावावर मोटार घेतली. हे खरे असेल तर सवलत चुकीची आहे. खोटे असेल तर नवरा सूडबुद्धीने बोलत आहे. खरे-खोटे ठरवायचे तर दोघांचेही ऐकले पाहिजे. सरकारी खात्याला आत काय घडले ते ठाऊक नसते, त्या संसारात दोनच साक्षीदार होते.

१९९८ च्या कायद्याने हे ओळखले. त्यात दोन आज्ञा आहेत. पहिली खात्याला : एकाचा अर्ज आला की दुसऱ्याला नोटीस द्या आणि म्हणणे मांडू द्या. दुसरी अमेरिकेच्या करन्यायालयाला : अर्जदार न्यायालयात आला तर दुसऱ्याला सूचना मिळेल आणि त्याला खटल्यात पक्षकार होता येईल असे नियम करा.

दोन निकाल

कायदा झाला, पण हा हक्क कितपत खरा, हे ठरायचे होते. ते २००० साली दोन निकालांनी ठरले.

पहिला कॉर्सन खटला. पूर्वीचे पती-पत्नी दोघेही एकाच खटल्यात होते. खात्याने पत्नीशी समझोता केला की हिला सवलत द्यावी. पतीने त्या कागदावर सही करण्यास नकार दिला. खाते म्हणाले, सवलत द्यायची की नाही हा आमचा आणि तिचा प्रश्न, याचे काय? न्यायालयाने हे मानले नाही. सवलत दिली जाऊ नये असे म्हणण्याची व पुरावा देण्याची संधी पतीला मिळालीच पाहिजे, असा निकाल दिला.

दुसरा किंग खटला. यात पती मुळात न्यायालयात आलाच नव्हता. दोघांनी १९९३ च्या विवरणपत्रात जनावरे पाळण्याच्या धंद्याचा तोटा दाखवला होता. हा धंदा नफ्याच्या हेतूने केलेलाच नाही, म्हणून तोटा वजा करता येणार नाही, असे खात्याने ठरवले. कर निघाला पावणेआठ हजार डॉलरच्या आसपास. पूर्वीची पत्नी एकटीच न्यायालयात गेली आणि तिने सवलत मागितली. न्यायालय म्हणाले, पती या खटल्यात नसला तरी त्याला नोटीस द्या आणि हस्तक्षेप करून हरकत घेऊ द्या. ज्याने स्वतः दावा केला त्यालाच हरकतीचा हक्क आणि ज्याने केला नाही त्याला नाही, असा भेद करण्याचे कारण नाही.

पतीने हरकत घेतली. म्हणाला, धंदा तिला माहीत होता, तोटा होतो हेही माहीत होते. २००१ मध्ये न्यायालयाने पुरावा पाहून अंतिम निकाल दिला आणि सवलत पत्नीलाच मिळाली! कारण न्यायालयाने बारीक फरक केला. धंदा तोट्यात आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि नवऱ्याच्या मनात नफ्याचा हेतूच नाही हे ठाऊक असणे वेगळे. ज्या गोष्टीमुळे वजावट बेकायदा ठरली ती गोष्ट तिला प्रत्यक्ष ठाऊक होती असे दिसले नाही.

आमच्या मते हा निकाल दोन्ही बाजूंना धडा आहे. हरकत घेण्याचा हक्क म्हणजे जिंकण्याचा हक्क नव्हे. पण ज्याचे ऐकून घेतले त्याला हरल्यावरही "मला न विचारता ठरवले" असे म्हणता येत नाही.

हक्काच्या मर्यादा

हा हक्क कुठे संपतो, तेही व्यापाऱ्याने पाहून ठेवावे.

पहिली मर्यादा : खात्याने आपल्याच पातळीवर अर्जदाराला सवलत दिली आणि अर्जदार न्यायालयात गेलाच नाही, तर दुसऱ्याला स्वतःहून करन्यायालयात दावा लावता येत नाही. मायर खटल्यात २००२ मध्ये करन्यायालयाने असे ठरवले आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केले. न्यायालयाचा दरवाजा अर्जदार उघडतो, दुसरा फक्त त्याच्यामागून आत जाऊ शकतो. म्हणून २००३ पासून खात्याने एक सोय केली. प्राथमिक निर्णय पटला नाही तर दुसऱ्या बाजूलाही खात्याच्याच अपील विभागाकडे जाता येते. बहुतेकांची लढाई इथेच संपते.

दुसरी मर्यादा : हस्तक्षेप करणाऱ्याच्या विरुद्ध निकाल गेला तर त्याला एकट्याने वरच्या न्यायालयात जाता येईलच असे नाही. २००५ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने बारानोविच खटल्यात असे अपील फेटाळले. कारण दिले ते असे : जोडीदाराला सवलत मिळाली म्हणून तुमचे देणे एका पैशानेही वाढले नाही. पूर्ण कराला तुम्ही आधीही जबाबदार होता आणि आताही आहात. कायद्याच्या भाषेत हे बरोबर असेल. पण ज्याचा दुसरा जामीन सुटला त्या देणेकऱ्याला विचारा, बोजा वाढला की नाही! कागदावर रक्कम तीच राहते, पण भरणारे हात दोनाचे एक होतात.

तिसरी मर्यादा मुदतीची : अर्जदाराला खात्याच्या अंतिम निर्णयापासून ९० दिवसांत न्यायालयात जावे लागते. खात्याला दावा मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत दुसऱ्या जोडीदाराला सूचना द्यावी लागते. ती मिळाल्यापासून ६० दिवसांत दुसऱ्याने हस्तक्षेपाची नोटीस न्यायालयात दाखल करायची. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिले आणि मुदत गेली, तर हक्क असून नसल्यासारखा. विभक्त झालेल्या माणसाने पत्ता बदलताच खात्याला कळवणे म्हणूनच महत्त्वाचे.

चौथी गोष्ट २०१९ ची : त्या वर्षी १ जुलैला झालेल्या कायद्याप्रमाणे खात्याच्या निर्णयाविरुद्ध दावा आला की न्यायालय नव्याने विचार करते, पण खात्यापुढे जे कागद आले होते त्यांच्या आधारेच. नवा पुरावा फक्त नव्याने सापडलेला किंवा पूर्वी मिळू न शकलेला असेल तर घेतला जातो. म्हणजे खात्याकडून प्रश्नावली आली की "न्यायालयात बघू" म्हणून ती बाजूला टाकणाऱ्याचे नुकसान होते. जे सांगायचे ते तिथेच, कागदोपत्री सांगायला हवे.

भीतीचा प्रश्न

एक नाजूक बाब राहिली. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई अर्ज करते, आणि कायदा म्हणतो नवऱ्याला कळवा. तिच्या जिवाला यात धोका नाही काय? कळवण्याच्या नियमाला खाते अपवाद करत नाही, अत्याचाराचे प्रकरण असले तरीही. पण तिचा नवा पत्ता, फोन नंबर, नोकरीचे ठिकाण नवऱ्याला सांगितले जात नाही. अर्ज भरतानाच धोक्याची बाब लिहिण्यासाठी जागा आहे, ती रिकामी ठेवू नये. मात्र प्रकरण न्यायालयात गेले की तिथली कागदपत्रे सर्वांना पाहता येतात, म्हणून पत्ता गुप्त ठेवण्याची विनंती तिथे वेगळी करावी लागते. दुसऱ्याला ऐकून घेण्याचा हक्क आणि पहिलीच्या जिवाची काळजी या दोन्हींचा तोल कायद्याने असा साधला आहे. तो पूर्ण साधला असे म्हणता येत नाही, पण एकाला गप्प करून दुसऱ्याला न्याय, ही वाटही बरोबर नव्हती.

बायकोच्या नावावर दुकान

धंदेवाल्यांची एक जुनी सवय इथे आडवी येते. खात्याची तपासणी सुरू होणार असा वास लागला की दुकान, घर किंवा गाडी बायकोच्या नावावर करायची. अमेरिकेच्या कायद्यात याचे उत्तर आहे. कर चुकवण्यासाठी अशी मालमत्ता अर्जदाराकडे वळवली असेल तर दुसऱ्या दरवाजाची सवलत तितक्या किमतीने कमी होते. कर वाढवण्याच्या पहिल्या पत्राच्या आधी एक वर्षाच्या आत किंवा त्यानंतर केलेले हस्तांतर कर चुकवण्यासाठीच होते असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे पुढे अर्जदाराला दाखवावे लागते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याप्रमाणे दिलेल्या मालमत्तेला हे गृहीतक लागू नाही.

आपल्याकडे काय?

भारतात पती-पत्नीचे संयुक्त विवरणपत्र नाही. प्रत्येकाचा पॅन वेगळा, हिशेब वेगळा, जबाबदारी वेगळी. आपल्या समाजात तर बायकोची मालमत्ता, तिचा मेहर, तिच्या माहेरचा वारसा हे सगळे तिचे स्वतःचे. हिंदू अविभक्त कुटुंबाचे वेगळे करखाते आपल्याला मिळत नाही, त्यामुळे भावाभावांचा धंदा भागीदारीने आणि नवरा-बायकोचा हिशेब स्वतंत्र, हीच आपली रीत.

तरीही निश्चिंत राहू नये. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६४ होते. नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता बायकोच्या नावावर मालमत्ता केली तर तिचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला पगार दिला आणि तिच्याकडे त्या कामाचे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान नसेल, तर तो पगारही नवऱ्याच्याच खात्यात. त्याच्या पुढचे कलम ६५ फार थोड्यांना माहीत असते. अशा मिळवलेल्या उत्पन्नावरच्या कराचा तेवढा भाग, मागणीची नोटीस आल्यास, ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याच्याकडूनही वसूल होतो. म्हणजे कागदावर मालकीण झालेली बायको कराची देणेकरीही होते. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही उत्पन्न असे एकत्र धरण्याचे तत्त्व कायम आहे.

हे तत्त्व जुने आहे. १९२२ च्या कायद्यात पत्नी व अज्ञान मुलांना भागीदारीत घेतले तर त्यांचा वाटा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जाई. त्याविरुद्ध आपल्या अकोल्याच्या आयकर अधिकाऱ्याविरुद्धचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. बालाजी खटला या नावाने ते ओळखले जाते. १९६१ मध्ये न्यायालयाने कलम वैध ठरवले : भागीदारीच्या आडून कर चुकवण्याची वाट बंद करण्याचा सरकारला अधिकार आहे.

आणखी एक वारे वाहत आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी सनदी लेखापालांच्या संस्थेने पती-पत्नीला ऐच्छिक संयुक्त विवरणपत्राची मुभा द्यावी अशी सूचना केली होती. एकट्याची कमाई असलेल्या घराला यात फायदा आहे, हे खरे. पण फायद्यासोबत संयुक्त जबाबदारी येणार असेल, तर निर्दोष जोडीदाराची सुटका आणि दुसऱ्या जोडीदाराचा हरकतीचा हक्क, या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी कायद्यात लिहिलेल्या असाव्यात. अमेरिकेला १९३८ पासून १९९८ पर्यंत साठ वर्षे लागली. आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

व्यवहारात काय करावे

तिकडे नातेवाईक असलेल्या वाचकांसाठी आणि त्यांच्यामार्फत त्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो.

१) न वाचता विवरणपत्रावर सही करू नका. धंद्याचे उत्पन्न असेल तर निदान रोजमेळ आणि बँकेचा उतारा पाहा. शंका असेल तर वेगळे विवरणपत्र भरा. वेगळे भरल्यावर नंतर एकत्र करता येते, पण एकत्र भरून मुदत उलटली की वेगळे करता येत नाही.

२) धाकाने घेतलेली सही ही सहीच नाही, असे म्हणता येते. तसे सिद्ध झाल्यास ते विवरणपत्र संयुक्त राहत नाही. पण पुरावा जपा.

३) आपला परतावा जोडीदाराच्या जुन्या देण्यापोटी कापला गेला असेल तर तो वेगळा विषय आहे. त्यासाठी ८३७९ क्रमांकाचा अर्ज आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

४) जोडीदाराने सवलतीचा अर्ज केल्याची नोटीस आली तर रागाने फाडू नका आणि घाबरूनही जाऊ नका. हरकत घ्यायची असेल तर कागद जोडा : वह्या, धनादेश, बँकेच्या स्लिपा, हाताने लिहिलेली बिले. "तिला ठाऊक होते" एवढे बोलून भागत नाही. काय ठाऊक होते, केव्हा आणि कशावरून, ते दाखवावे लागते.

५) जोडीदाराचे म्हणणे खरे असेल तर हरकत घेऊ नका. पाठिंबा द्यायलाही न्यायालयात हस्तक्षेप करता येतो, असे २००४ मध्ये करन्यायालयाने स्पष्ट केले आहे. मोडलेल्या संसारातही माणूस खरी साक्ष देऊ शकतो.

६) प्रत्येक प्रकरण वेगळे असते. तिकडचा जाणता वकील किंवा हिशेबनीस गाठल्याशिवाय पाऊल उचलू नका.

शेवटी आमचे सांगणे एवढेच. घरातल्या बाईला धंद्याचा हिशेब दाखवणे हा तिच्यावर उपकार नाही. उद्या त्या हिशेबाचे देणे तिच्या दारात येणार असेल तर तो पाहणे हा तिचा हक्क आहे. आणि कोणाला सोडायचे, कोणाला धरायचे हे ठरवताना दोघांचेही ऐकले जावे, हा दोघांचा हक्क आहे. या महिन्यात दुकानाच्या वह्या काढाल तेव्हा एकदा घरातही त्या उघडून दाखवा.